माडावर चढलेली अक्षदा

फोन वाजला तेव्हा यशोदा नातीला पेज भरवत होती. अक्षदाला पेज भरवणं म्हणजे वाटी-चमच्याचं काम नव्हे, तो तासाभराचा कारभार होता. पोर पाच वर्षांची, पण मान धरत नव्हती, पाठ धरत नव्हती. एक हात मानेखाली, एक गुडघा पाठीला, आणि चमचा तोंडात गेला की आपला श्वास रोखून बघत बसायचं, पेज पोटात जाते की भलतीकडे. ठसका लागला की पोर निळी पडायची आणि तिच्याबरोबर यशोदाही. सून नम्रता फोन चार्जिंगला लावून मासळी विकायला गेलेली, मुलगा मंगेश रेडीकडच्या एका ट्रॉलरवर खलाशी. फोन दोनदा वाजून बंद पडला. तिसऱ्यांदा यशोदाने तो पेजेच्याच हाताने उचलला.

"हां, कोण तां?"

"नमस्कार! मी योजनेच्या चौकशी कक्षातून बोलतेय. कुमारी अक्षदा मंगेश तांडेल आपल्या कोण?" पलीकडची बाई बोलण्यात मध कालवत होती.

"नात. कित्याक?"

"आता कशी आहे ती?"

इथे वाचकांना खाजणवाडीचं एक शास्त्र सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं यशोदाच्या वेडेपणावर जाईल. त्या किनाऱ्यावर दोन गोष्टी कोणी खऱ्या सांगत नाही. होडी वाळूला लागली आणि कोणी विचारलं, "काय गावला?", तर टोपल्या बांगड्यांनी ओसंडत असल्या तरी म्हणायचं, "खंयचां काय, चार सुंगटां." सुंगटां म्हणजे कोळंबी. आणि घरातलं माणूस कसं आहे असं विचारलं, तर ते आत शेवटचे आचके देत असलं तरी म्हणायचं, "बरां आसा." मासळी कमी करून सांगायची, माणूस वाढवून सांगायचं. एकाला दृष्ट लागू नये म्हणून, दुसऱ्याची लोकांनी चघळून चघळून गजाल करू नये म्हणून. यशोदाच्या सासूने हे तिला लग्नाच्या आठवड्यात शिकवलं होतं आणि अक्षदा झाल्यापासून यशोदाने ते व्रतासारखं पाळलं होतं. शेजारची प्रेमलता रोज सकाळी कुंपणावरून विचारायची, "काकी, कशी आसा अक्षू?" आणि यशोदा रोज सकाळी सांगायची, "बरी आसा." प्रेमलतेला दिसत नव्हतं असं थोडंच आहे! पण विचारणाऱ्याने विचारायचं, सांगणाऱ्याने सांगायचं, आणि दोघींनी आपापल्या चुलीकडे जायचं.

तेव्हा यशोदा म्हणाली, "बरी आसा."

"चालते का आता?"

यशोदाचं डोकं फिरलं. ना ओळख ना पाळख, आणि ही भवानी माझी नात चालते का म्हणून विचारते!

"चलता? धावता!"

"अरे वा! बोलते?"

"बोलता? तिका गप कशी बसवूची तां तू माका सांग."

"हातपाय नीट हलवते ना?"

"काल माडार चढलेली," यशोदा म्हणाली. एकदा खोटं बोलायचं म्हटलं की तिला हात आखडता घेणं माहीत नव्हतं. "उतरवता उतरवता आमच्या नाकात दम इलो."

पलीकडे टकटक टकटक असा आवाज आला. "फारच छान, आजी! मग आता शासनाकडून काही मदत हवीय का?"

"आमका कोणाचां काय नको. देवाच्या दयेन सगळां बरां आसा."

फोन ठेवून यशोदाने मीठ-मिरच्या आणल्या, अक्षदावरून सात वेळा उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा खकाणा उठला नाही. म्हणजे दृष्ट जबर होती. संध्याकाळी नम्रता आली तेव्हा यशोदा मोठ्या समाधानाने म्हणाली, "कोणतरी चवकशे करी होती. बरोबर वाटेक लावलंय."

नम्रता टोपली धुवत होती. तिने "हं" म्हटलं. त्या "हं"चं पुढे तिला आयुष्यभर वाईट वाटणार होतं.

त्या घरात गेली पावणेदोन वर्षं एकच वाक्य चालू होतं: खुर्ची इली की अक्षू बसून जेवतली. तालुक्याला शिबिर झालं होतं, तिथे डॉक्टरांनी अक्षदाचं अंग फूटपट्टीने मोजून घेतलं होतं. मानेला आधार, छातीला पट्टा, पुढे फळी, अशी खास खुर्ची सरकार देणार होतं. आडवं भरवल्याने पेजेचे थेंब छातीत उतरतात, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या वर्षी पोर दोनदा दवाखान्यात नळ्या लावून पडली होती. तिसऱ्या वेळी काय होईल ते डॉक्टर बोलले नाहीत आणि कोणी विचारलंही नाही. म्हणून नम्रता दर महिन्याला ऑफिसात जाऊन विचारायची, "खुर्ची आली का?" आणि ऑफिस सांगायचं, "आली की कळवू."

त्या सोमवारी ती ऑफिसातून परतली आणि पायरीवरच बसली.

"आये, तुमी फोनार काय सांगलास?"

"काय सांगतलंय? बरी आसा म्हटलंय."

"आणि माडार कोण चढला?"

यशोदाने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"कॉम्प्युटरार लिवलेला आसा," नम्रता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उतरला. "'लाभार्थी पूर्ण बरी. धावते. नारळाच्या झाडावर चढते. मदत नको.' क्लार्क माका वाचून दाखवी होतो. माडाची उंची तेवढी लिवची रवली. केस बंद केल्यानी, आये. आता खुर्ची नाय."

यशोदाला एकदम त्या टकटक आवाजाचा अर्थ कळला. तिने साठ वर्षांत हजारदा "बरां आसा" म्हटलं होतं, पण ते कोणी लिहून घेतलं नव्हतं. वाऱ्यावर सोडायचं वाक्य कोणी टिपून ठेवील, असं तिच्या सासूनेही सांगितलं नव्हतं.

"मी सांगलंय, मीच पुसून येतंय," ती म्हणाली आणि उठली.

बुधवारी तिघी तालुक्याला गेल्या. यशोदाने जरीकाठाचं लुगडं नेसलं, अक्षदाला खांद्यावर टाकलं. क्लार्कचं नाव प्रितेश. वाईट माणूस नव्हता बिचारा. वाईट असता तर यशोदाचं काम सोपं झालं असतं, भांडून मोकळी झाली असती.

"साहेब," यशोदाने ऑफिसात बोलायची मराठी बाहेर काढली, "त्या दिवशी मी फोनावर खोटं बोलले. ही बघा माझी नात. ही माडावर चढेल काय?"

प्रितेशने बघितलं. अक्षदाची मान यशोदाच्या खांद्यावरून खाली लोंबत होती आणि लाळेने जरीकाठ भिजला होता.

"काकू, मला दिसतंय हो," तो म्हणाला. "पण माझ्या दिसण्याला इथे रकाना नाही."

"मग एक रकानो घाल!" ऑफिसातली मराठी संपली.

"बंद केस उघडायची तर मुलगी बरी झालेली नाही असं प्रमाणपत्र लागतं."

"मग दी."

"ते डॉक्टरांचं बोर्ड देतं. बुधवारी."

"आज बुधवारच आसा."

"हो, पण बोर्डाकडे पाठवायला चालू केस लागते. तुमची बंद आहे."

यशोदाने ते मनात दोनदा उलटसुलट करून पाहिलं. जाळ्याची गाठ सोडवताना करतात तसं.

"म्हणजे बरी झाली म्हणान लिवक एक म्हातारी पुरता, आणि बरी नाय म्हणान लिवक डॉक्टरांचो मेळो होयो?"

प्रितेश थोडा विचार करून म्हणाला, "तसंच काहीसं आहे."

नम्रता पुढे वाकून त्याला विनवू लागली. यशोदाचे हात भरून आले होते, म्हणून ती कोपऱ्यात टेकायला जागा शोधू लागली. कोपऱ्यात एक बुटकी खुर्ची होती, तिच्यावर गोणपाट टाकून दत्ताराम शिपायाने पाण्याचा माठ ठेवलेला. गोणपाटाखालून एक निळा पट्टा लोंबत होता.

"ही कोणाची खुर्ची?"

"ती होय? आठ महिने झाले येऊन," प्रितेश मान वर न करता म्हणाला. "वाटपाचा कार्यक्रम करायचा होता, पाहुण्यांची तारीख मिळेना. आता तर त्या खुर्चीचं नावच यादीत सापडत नाही. न्यायलाही कोणी आलं नाही."

"काय एकेक लोक!" यशोदा कडाडली. "पोराची वस्तू आठ म्हयने पडान आसा, आणि आवशी-बापाशीक न्हेवक फुरसत नाय! असल्या लोकांका पोरां कित्याक होयी?"

दत्तारामने मान डोलावली आणि तिला माठातलं पेलाभर पाणी दिलं. पाणी थंडगार होतं. तिने दुवा दिला.

रिकाम्या हाताने परतल्यावर वाटलं होतं, यापेक्षा वाईट काय होणार? पण सरकारी कागद एकदा निघाला की स्वस्थ बसत नाही. त्या वर्षी सगळ्या बालकांच्या नोंदींत माडावर चढणारं लेकरू हे एकच. वरच्या कोणा साहेबाच्या डोळ्यांत ते भरलं. पंधरा दिवसांनी प्रेमलता कुंपणापाशी आली ती मोबाइल पुढे धरूनच.

"काकी, हां काय आसा? आमच्या बचतगटाच्या ग्रुपार इला."

वर मोठ्या अक्षरांत 'यशोगाथा' लिहिलेलं. खाली खाजणवाडीच्या अक्षदा तांडेलची कहाणी. जन्मतः अधू, पण योजनेच्या भक्कम पाठबळाने आज धावणारी, बागडणारी, गगनाला भिडणाऱ्या माडावर झेपावणारी. अक्षदाचा फोटो ऑफिसात नव्हता, म्हणून कुठून तरी एका गुबगुबीत मुलीचा घेतला होता. लाल फ्रॉक, दोन वेण्या, समुद्राच्या काठाने धावतेय आणि हसतेय.

"ही खंयची?" प्रेमलतेने विचारलं.

 यशोदाने मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. अक्षदा धावली असती तर कशी दिसली असती, हे तिने कधी मनात आणलं नव्हतं. आणायची भीतीच वाटायची. आता ते कोणीतरी छापून तिच्या हातात दिलं होतं.

"कशी आसा अक्षू?" मोबाइल परत घेताना प्रेमलतेने सवयीने विचारलं.

"बरी आसा," यशोदाने सवयीने सांगितलं, पण चुलीकडे जायचं विसरून ती तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून पत्र आलं. तालुक्याच्या सभागृहात यशोगाथा-सत्कार, शाल-श्रीफळ, मुलीसह उपस्थित राहावे. नम्रताने पत्र चुलीत घालायला उचललं आणि परत ठेवलं. "जावया आपण," ती म्हणाली. "कॉम्प्युटराक दिसणा नाय, पण थंय वरचे साहेब येतले. तेंका तरी दिसात."

सत्काराला चार दिवस असताना, दुपारच्या वेळी एक अनोळखी बाई दारापुढच्या खळ्यात येऊन उभी राहिली. पदराने घाम पुसत होती. कडेवर सहाएक वर्षांचा मुलगा, त्याचे पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबणारे.

"अक्षदा तांडेलांचां घर हांच मां? मी लक्ष्मी. आंबोलीसून इलंय. तीन गाडये बदललंय." ती मुलाला मांडीवर घेऊन पायरीवर बसली. "हो माझो सिद्धेश. मोबाइलार तुमच्या नातीची बातमी वाचलंय. काकी, खंयच्या डॉक्टराक दाखवलास? की देवाक नवस केलास? धामापूरच्या भगवतीक? काय असात तां सांगा. मी तसांच करतंय."

 नम्रता बाजारात होती. आत, पडद्याआड, अक्षदा चटईवर पडलेली.

"खेळाक गेली," यशोदाच्या तोंडून निघालं. सांगायचं ठरवून नव्हे. जिभेला दुसरी वाटच माहीत नव्हती.

"येवंदे. मी बसतंय. एकदा धावताना बघतंय नि जातंय."

तेवढ्यात आतून आवाज आला. भूक लागली की अक्षदा घशातून एक लांबट हुंकार काढायची, घोंऽऽ असा. यशोदाने खोकून तो झाकायचा प्रयत्न केला. पण लक्ष्मीच्या मांडीवरच्या सिद्धेशने मान वळवली, आणि त्याने अगदी तस्साच हुंकार काढला. आतून पुन्हा आला. त्याने पुन्हा दिला. दोन पोरं पडद्याच्या दोन बाजूंनी बोलत होती आणि दोन बाया गप्प बसल्या होत्या.

"तीच मां?" शेवटी लक्ष्मी म्हणाली.

यशोदाने होकाराची मान हलवली.

"मगे तो माड?"

"माड माझ्या जिभेर उगवलो, बाय."

लक्ष्मी रडली नाही. रडली असती तर यशोदाला तिला पाणी तरी देता आलं असतं. ती नुसती समोरच्या तुळशीकडे बघत राहिली, गाडी चुकलेलं माणूस बघतं तशी. मग उठली, विचारल्याशिवाय पडदा सारून आत गेली, आणि आतून ओरडली, "अशी आडवी भरवतास? ठसको लागतलो नाय तर काय!"

तिने तांदळाची दोन पोती भिंतीच्या कोपऱ्यात ओढली, त्यांच्या मधे अक्षदाला बसती केली, मानेमागे टॉवेलची गुंडाळी खोचली, हनुवटी जराशी खाली दाबली आणि चमचा खालच्या बाजूने नेला. अर्धी वाटी पेज गेली आणि एकच ठसका लागला. यशोदा बघत राहिली. भरवता भरवता लक्ष्मी सांगत होती. अर्ज तोंडी करायचा नाही, लेखी द्यायचा. पोच घ्यायची, पोच नाही तर काही नाही. बोर्डाला जायचं तर अमक्या खिडकीवर सकाळी लवकर जायचं. आणि कोणी फोन केला तर खरं सांगायचं. पाच वर्षांत ज्या गोष्टी यशोदाला कोणी सांगितल्या नव्हत्या त्या अर्ध्या तासात कळल्या, त्याही तिच्याच खोट्यावर बसून आंबोलीहून आल्या.

"माका माफ कर गो," निघताना यशोदा म्हणाली.

"माफ कसला?" लक्ष्मीने सिद्धेशला कडेवर चढवलं. "पण काकी, माझ्यासारख्यो कितके आवशी तां वाचून आज गाडयेत बसल्यो असतील?"

ती गेली. यशोदा त्या दिवशी जेवली नाही.

सत्काराला सभागृह भरलेलं होतं. व्यासपीठावर पाहुणे, हार, समई. कडेला दत्तारामने आपला माठ आणून ठेवला होता, त्याच गोणपाटावर, त्याच बुटक्या खुर्चीवर. कार्यक्रमाच्या मॅडम लगबगीने यशोदाजवळ आल्या.

"झोपलीय का छोकरी? उठवा ना, आजी. स्टेजवर चार पावलं चालू दे. फोटो मस्त येईल."

"उठवतंय," यशोदा म्हणाली.

नाव पुकारलं. यशोदा अक्षदाला खांद्यावर घेऊनच वर चढली. पाहुण्यांनी तिच्या दुसऱ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. आता नात एका हातात, नारळ दुसऱ्यात, आणि निवेदकाने तोंडापुढे माइक धरला.  समोर अख्खा तालुका. सासूची शिकवण जिभेच्या टोकावर. 'बरी आसा' एवढे दोन शब्द बोलून उतरता आलं असतं. टाळ्या तयारच होत्या.

"मी यशोदा तांडेल," ती म्हणाली. "ही माझी नात अक्षदा. ही चलणा नाय. बसणा नाय. बोलणा नाय."

सभागृहात कुजबूज झाली. मॅडमचं हसू जागच्या जागी गोठलं.

"माडार चढली तां खोटां. मीच सांगलंय. सरकारान तिका बरी करूक नाय, मी केलंय, फोनार." कोणीतरी हसलं. यशोदा थांबली नाही. "कोणी ती बातमी वाचून आपल्या पोराक घेवन आमच्याकडे येवचां असात, तर येव नकात. उन्हातान्हात पोरांचे हाल करू नकात. आमच्याकडे देव नाय, डॉक्टर नाय. एक म्हातारी आसा, ती खोटारडी. माझी नात बरी नाय. पाच वर्सां ती बरी नाय, नि मी कोणाक सांगूक नाय."

  निवेदक भांबावला, पण त्याच्या हातात आदल्या दिवशी लिहिलेला कागद होता आणि त्याने तो वाचला: "आजींच्या या बोलक्या भावनांसाठी एकदा जोरदार टाळ्या!" आणि लोकांनी वाजवल्या. सवय हो, सवय. यशोदाला एकटीलाच होती असं नाही.

त्या टाळ्यांतच माठ फुटला.

झालं होतं असं. अक्षदा खोकायला लागलेली बघून नम्रता पाणी घ्यायला माठापाशी गेली होती. माठ कलताना गोणपाट सरकलं. खाली बैठकीवर प्लास्टिकच्या पाकिटात एक चिठ्ठी डकवलेली. नम्रता दहावी शिकलेली, तिने वाचली. 'अक्षदा मंगेश तांडेल, खाजणवाडी.' मग माठ उचलून बाजूला ठेवण्याइतकं भान तिला राहिलं नाही. तिने माठाखालून खुर्ची ओढली.

"अगो बाये, माझां पाणी!" दत्ताराम ओरडला. पाणी पहिल्या रांगेतून वाहत निघालं आणि मानाच्या माणसांनी एकदम पाय वर घेतले. नम्रता खुर्ची डोक्यावर घेऊन पायऱ्या चढली, मासळीची टोपली घेऊन चढते तशी, आणि ती व्यासपीठाच्या मधोमध ठेवली.

"ही आमची," ती म्हणाली. "आठ म्हयने आमची."

आपण आठ महिन्यांपासून पडलेल्या खुर्चीवरून कोणाच्या आई-बापांना शिव्या दिल्या होत्या, ते यशोदाला आठवलं. आणि ते पाणी पिऊन दुवा दिलेला, तोही आठवला. तिने नारळ पाहुण्यांच्या मांडीवर ठेवला आणि अक्षदाला खुर्चीत बसवलं. बसवलं म्हणजे कोंबलं. माप साडेतीन वर्षांच्या पोरीचं होतं. कुशीत लाकूड रुतत होतं, गुडघे वर आले होते, आणि छातीचा पट्टा ओढून ओढून चार बोटं कमी पडला. बैठकीवर माठाचा गोल डाग उमटलेला. यशोदाने खांद्यावरची सत्काराची शाल काढली, अक्षदाच्या छातीवरून घेतली आणि खुर्चीच्या पाठीमागे घट्ट गाठ मारली.

पोर बसली. आयुष्यभर तिने वर बघितलं होतं: वासे, पत्रे, माडांचे शेंडे. आता पहिल्यांदा चारचौघांत समोर बघितलं. समोर पाय वर घेऊन बसलेली माणसं होती. तिने मोठ्याने घोंऽऽ केलं. फोटोवाल्याचा दिवा चमकला.

मॅडम धावत जवळ आल्या आणि कानाशी लागल्या. आता त्यांच्या आवाजात कार्यक्रम नव्हता. "आजी, ही घेऊ नका हो! लहान होतेय तिला. फोटो निघाला की लाभ दिला म्हणून नोंद होते. मग मापाची नवी खुर्ची तीन वर्षं मागता येणार नाही."

"फोटो निघालो मां?" यशोदाने विचारलं.

मॅडमनी मागे वळून बघितलं. "निघाला," त्या म्हणाल्या.

खुर्ची घरी आली. शालीची गाठ मारून अक्षदा तिच्यात रोज दोन वेळा बसते आणि पेज पोटात जाते. पण पोर वाढतेय. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती त्या लाकडात मावणार नाही, हे मंगेशने सुट्टीला आल्यावर वीत लावून पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना दिसलंच होतं. तीन वर्षांचा नियम असला तरी नम्रताने नव्या खुर्चीसाठी लेखी अर्ज केला आहे. पोच देवाच्या फोटोमागे ठेवली आहे.

परवा सकाळी यशोदा भरवत होती आणि फोन वाजला. तोच मध.

"नमस्कार! आपल्या पाल्याला साहित्य मिळाले आहे. आपले पाल्य आता कसे आहे?"

"ब—" यशोदाची जीभ निघालीच होती. तिने ती दाताखाली धरली. वाटी खाली ठेवली, पाय पसरले, आणि फोन कानाशी नीट धरला.

"बरी नाय," ती म्हणाली. "लिवन घे, बाय. बरी नाय ती. खुर्ची दिलास, पण ल्हान झाली. पट्टो पुरणा नाय, शाल बांधतंय. राती छातीत घरघरता. मी म्हातारी झालंय, माझे हात आता भरान येतत. उद्या मी नसलंय तर तिका कोण उचलतला, ह्या चिंतेन माका झोप लागणा नाय. लिवलंस? आणि लिव, तिका मासो आवडता. बारीक करून दिलंय तर हसता. ह्या पण लिव." ती बोलत राहिली. पाच वर्षांचं बोलायचं होतं. फोनच्या आत कुठेतरी टेप वाजत होती, 'बरे असल्यास एक दाबा, बरे नसल्यास दोन दाबा,' पण यशोदा बोलत असल्यामुळे तिला ती ऐकू आली नाही. कोणी काहीच दाबलं नाही, तेव्हा फोन आपोआप बंद झाला.

प्रेमलता कुंपणापाशी रोजचा प्रश्न घेऊन आली होती. ती तशीच उभी राहिली, सगळं ऐकेपर्यंत. मग कुंपणाचा दोर सोडून आत आली, यशोदाच्या शेजारी बसली आणि खालची वाटी उचलली.

"फोन कवाच बंद झालो, काकी," ती म्हणाली. "मरांदे तो. चमचो हय देवा. मी भरवतंय, तुमी माका सांगा."